बधिरीकरण आणि श्वेतपेशी

बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी रुग्णास ईथर हुंगविले व जॉन वॉरेन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. पुढच्याच महिन्यात ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी या अवस्थेस ‘ॲनेस्थेशिया’ हे नाव सुचविले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ संवेदनेचा अभाव. मराठीतील ‘बधिरीकरण’ही तेच सांगते. परंतु फुफ्फुसांतून रक्तात शिरलेले द्रव्य केवळ मज्जातंतूंपाशी थांबत नाही.

श्वेतपेशी जंतूंना गिळतात, हे मेचनिकॉफ यांनी दाखविल्यानंतर या द्रव्यांकडे नव्या दृष्टीने पाहणे शक्य झाले. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी १९११ मध्ये ईथरमुळे ही भक्षणशक्ती मंदावते असे प्रतिपादिले. तथापि शस्त्रक्रियेचा आघातही शरीराची प्रतिकारशक्ती घटवितो. मग दोष वायूचा की जखमेचा?

या प्रश्नावर कोपनहेगनमध्ये अनपेक्षित प्रकाश पडला. तेथे धनुर्वाताच्या रुग्णांना अनेक दिवस नायट्रस ऑक्साइड देण्यात आला असता रक्तातील श्वेतपेशी धोकादायक प्रमाणात घटल्याचे लासेन व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. येथे शस्त्रक्रियेचा आघात नव्हता. हा वायू ब-१२ जीवनसत्त्व निष्क्रिय करतो व त्यामुळे अस्थिमज्जेतील पेशीनिर्मिती खुंटते, हे पुढे उलगडले.

अर्थात काही तासांची शस्त्रक्रिया आणि अनेक दिवसांचा उपचार यांची तुलना जपूनच केली पाहिजे. तरीही होम्स यांनी दिलेले नाव त्या द्रव्याच्या एकाच कार्याचे आहे, एवढे निश्चित होय.