पंधरा वर्षांची मोटार आणि नोंदणीचे नूतनीकरण

नवी मोटार दारात येते तेव्हा हार-नारळाच्या गडबडीत नोंदणी प्रमाणपत्रावरील मुदतीच्या तारखेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती वैध असते. ती मुदत उलटल्यावर मोटार कितीही सुस्थितीत असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती विनानोंदणी ठरते. अशी मोटार रस्त्यावर आणल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्ज कधी व कसा?

मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत 'नमुना २५' मध्ये अर्ज करता येतो. 'परिवहन' संकेतस्थळावर अर्ज व शुल्क भरून तपासणीची वेळ घ्यावी. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमापत्र, पीयूसी आणि ओळख व पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा. कर्ज फिटूनही प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा तसाच राहिला असेल, तर तो आधीच उतरवून घेणे सोयीचे.

१ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. विलंब झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा द्यावे लागतात. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

तपासणीत काय पाहतात?

मोटार प्रादेशिक परिवहन कार्यालयात प्रत्यक्ष न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चासी व इंजिन क्रमांक कागदपत्रांशी पडताळतात. ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर, वायपर, आरसे व सीटबेल्ट यांची स्थिती पाहिली जाते. गंजामुळे चासी क्रमांक वाचता येत नसेल, तर तो आधी स्वच्छ करून घ्यावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे. तपासणीत वाहन योग्य ठरल्यास नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

विमा : सक्तीचा कोणता?

कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाचा, म्हणजेच 'थर्ड पार्टी' विमा बंधनकारक आहे. मोटारीच्या धडकेने अन्य व्यक्तीचा मृत्यू झाला, ती जखमी झाली किंवा तिच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी विमा कंपनी उचलते. विमा नसल्यास न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. ती लाखांच्या घरात जाऊ शकते. त्यापुढे दोन हजार रुपयांचा दंड किरकोळच म्हणावा लागेल.

स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. त्याचे नूतनीकरण नव्वद दिवसांहून अधिक काळ रखडल्यास 'नो क्लेम बोनस' गमवावा लागतो.

विमा आणि नोंदणी यांचा संबंध अनेकांच्या ध्यानात येत नाही. २०१४ मध्ये 'नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अश्युरन्स' या प्रकरणात मोटारीची तात्पुरती नोंदणी अपघातापूर्वीच संपली होती. विमा चालू असूनही नुकसानभरपाई नाकारण्याचा कंपनीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरविला. विनानोंदणी वाहन चालविणे हा विमा कराराच्या अटींचाही मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे हप्ता नियमित भरूनही एका विसरलेल्या तारखेमुळे तो व्यर्थ जाऊ शकतो.

मोटार ठेवायची नसेल तर?

दुरुस्तीचा खर्च परवडण्यासारखा नसेल, तर नोंदणीकृत वाहन मोडीत केंद्राचा पर्याय आहे. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या वाहनाच्या नोंदणी शुल्कात सूट मिळते. भंगारवाल्याला परस्पर मोटार विकू नये. नोंदणी रद्द होईपर्यंत ती कागदोपत्री आपल्याच नावावर राहते.

वाचकांनी आजच नोंदणी प्रमाणपत्र काढून मुदतीची तारीख पाहावी आणि तिच्या दोन महिने आधीची खूण दिनदर्शिकेवर करून ठेवावी.