मलिकंबरची नहर आणि तिला हसणारे

लग्नघरीं मांडव पडला असतां कोणी अभद्र शब्द काढला, तर "शुभ बोल नाऱ्या" म्हणून त्यास दटावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. या म्हणींतला नाऱ्या मोठा दुर्दैवी मनुष्य होय. मांडवास खरोखर आग लागली होती कीं नाहीं, याची चौकशी कोणी केल्याचें म्हण सांगत नाहीं. तो असें बोललाच कसा, एवढेंच सर्वांनीं पाहिलें. पाणी, धान्य, सरपण, रान, अशा ज्या वस्तूंवर संसार चालतो, त्या सरत चालल्या आहेत असें जो सांगूं लागतो, त्याच्या वांट्यास बहुधा या नाऱ्याचेंच नशीब येतें. यांत विशेष हें कीं, त्याला गप्प करणारे लोक परके नसतात. परक्यास त्याचें ऐकण्याचें कारणच नसतें. घरचीं माणसें, पंक्तीचे मित्र, दरबारांतले सोबती, हेच प्रथम हसतात, मग रागावतात, आणि शेवटीं विषय बदलतात.

याचा एक जुना दाखला मराठवाड्याच्या मुख्य शहरीं, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेस व आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, जमिनीच्या पोटांत पडून आहे.

इ. स. १६१० सालीं निजामशाहीचा वजीर मलिकंबर यानें खाम नदीच्या कांठीं खडकी नांवाच्या लहानशा गांवीं नवी राजधानी वसविली. हा पुरुष हबसाणांत जन्मला, लहानपणींच गुलाम म्हणून विकला गेला, आणि बगदादेवरून हातोहात दक्षिणेंत आला. अहमदनगरास चंगीजखान पेशव्यानें त्याला विकत घेतलें. १६०० सालीं नगरचा किल्ला मोंगलांच्या हातीं पडला, तेव्हां मोडलेलें राज्य पुन्हा उभें करण्याचें काम याच विकत घेतलेल्या माणसानें केलें. मराठी वाचकांस त्याची ओळख दोन गोष्टींनीं असते: एक त्याचा गनिमी कावा आणि दुसरी त्याची जमीनधाऱ्याची पद्धति. तिसरी गोष्ट पाण्याची. ती मात्र शाळेंतल्या इतिहासांत एका ओळींत आटोपते.

खडकी हें गांव नांवाप्रमाणेंच खडकावर वसलेलें. दक्षिणेंतील या काळ्या खडकाच्या भेगांत व त्यावरील मुरुमांत पावसाचें जें पाणी मुरेल, तेंच विहिरींस मिळावयाचें. खाम नदी पावसाळ्यांत दुथडी वाहते आणि उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत वाळूच दिसते. चार कुणब्यांचें गांव अशा ठिकाणीं सुखानें नांदतें. परंतु तेथें दरबार आला, पागा आली, हत्ती आले, कारागीर व बाजारबुणगे आले, म्हणजे ज्या आडांनीं गांव पोसला ते आड राजधानीस पुरणार कसे? मलिकंबरनें हा हिशेब आधींच केला. शहराच्या उत्तरेस हर्सूल व सावंगीच्या बाजूला डोंगर आहेत. त्या डोंगरांच्या पायथ्याशीं मुरलेलें पाणी जमिनीखालून शहरांत आणावयाचें, असा बेत त्यानें दरबारापुढें मांडला.

तेव्हां मुल्ला महंमद नांवाच्या वजिरानें या बेताची थट्टा केली, असें जुन्या वृत्तांतांत नमूद आहे. आज आपण या मुल्लाला सहज मूर्ख ठरवितों. पण प्रसंग पाहिला तर त्याचें हसणें अगदींच अडाणीपणाचें नव्हतें. १६१६ सालीं रोशनगांवच्या लढाईंत मलिकंबरचा पराभव झाला होता आणि मोंगल फौजेनें खडकीवर चालून येऊन शहराची राखरांगोळी केली होती. पुढल्याच वर्षीं शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, दक्षिणेंत आला आणि मलिकंबरला नगरचा किल्ला व बालाघाटचा मुलूख सोडून देऊन तह करावा लागला. खजिना रिता, शिपायांचे पगार तुंबलेले, शत्रु वेशीवर, अशा वेळीं प्रधानानें दिसत नाहीं असें पाणी खणून आणण्याच्या गोष्टी सांगाव्यात, हें कोणत्याहि व्यवहारी सोबत्यास विपरीत वाटावें. आजचें संकट डोळ्यांपुढें उभें असतां उद्यांच्या संकटाचें नांव काढणारा मनुष्य आपल्या माणसांना कामचुकार तरी वाटतो, नाहींतर वेडा.

मलिकंबरनें वाद घातला नाहीं. काम सुरू केलें. १६१७ च्या सुमारास सुरू झालेली ही नहर पंधरा महिन्यांत पुरी झाली आणि तिला अडीच लाख रुपये खर्च आला, असें परंपरेनें सांगतात. एवढ्या थोड्या काळांत व इतक्या थोड्या पैशांत झालेलें काम दक्षिणेंत क्वचितच सांपडेल. तिची रचना साधी आणि म्हणूनच नवलाची आहे. डोंगराच्या पायथ्याशीं ओल्या थरांत भुयार खणावयाचें, त्यांत आजूबाजूच्या जमिनींतून पाणी पाझरूं द्यावयाचें, आणि तें उताराउतारानें शहराकडे न्यावयाचें. मोट नाहीं, रहाट नाहीं, बैल नाहीं. ठिकठिकाणीं वरून उभीं विवरें ठेवलेलीं. त्यांतून हवा जाई, आणि गाळ काढण्यास माणूस खालीं उतरे. भडकल दरवाज्याच्या बाजूस पाणी येऊन पोंचलें कीं तेथून भाजक्या मातीच्या नळांनीं तें मोहल्ल्यामोहल्ल्यांत, मशिदींत, हौदांत फिरविलेलें. उंच दगडी मनोऱ्यांतून पाणी चढवून उतरविण्याची युक्तिहि या शहराच्या नहरींत दिसते. त्या मनोऱ्यांत नळांतली हवा सुटे व पाण्याचा जोर आवरे. पाणी झांकलेलें असल्यामुळें उन्हानें आटत नसे, आणि शत्रूच्या सहज नजरेस पडत नसे.

ही विद्या मलिकंबरची स्वतःची नव्हे. इराणांत ती फार प्राचीन, बिदरास बहामनी राज्यांत तिचा उपयोग झालेला, आणि बऱ्हाणपुरास १६१५ च्या सुमारास असेंच भूमिगत पाणी काढणारा पुरुष कोण, तर अब्दुर्रहीम खानखानान! हाच मोंगलांचा दक्षिणेंतला सेनापति आणि मलिकंबरचा वर्षानुवर्षांचा प्रतिस्पर्धी. एकमेकांचीं शहरें जाळणाऱ्या दोन पक्षांचे हे दोन म्होरके पाण्याविषयीं मात्र एकाच तऱ्हेनें काळजी करीत होते. मलिकंबरचें म्हणणें त्याच्या वजिरापेक्षां त्याच्या शत्रूलाच अधिक समजलें असतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. मुल्ला महंमद हसला तरी त्यामुळें कांहीं अडलें नाहीं. कारण ज्यानें इशारा दिला त्याच्याच हातीं कुदळ, खजिना व हुकूम होता. ज्याच्यापाशीं नुसते शब्दच आहेत, त्याची गोष्ट निराळी. त्याचें काम आपल्या माणसांच्या कृपेवर अवलंबून राहतें. इंग्लंडांत १७९८ सालीं माल्थस नांवाच्या तरुण पाद्र्यानें, माणसें वाढतात त्या वेगानें अन्न वाढत नाहीं, असें सांगणारा निबंध निनांवी छापला. तो निबंध ज्या वादांतून निघाला तो वाद घरांतला होता. वडील डॅनियल हे रूसोचे चाहते. मानवजातीचें पुढें सर्व बरेंच होणार, ही त्यांची श्रद्धा. मुलाचें म्हणणें अगदीं उलट. तरीहि वडिलांनीं त्याला गप्प न करतां तें लिहून काढण्यास उत्तेजन दिलें, असें चरित्रकार सांगतात. असे वडील विरळा. माल्थसचें भाकीत इंग्लंडपुरतें तरी पुढें खरें ठरलें नाहीं. आणि हसणारे लोक तेवढेंच लक्षांत ठेवतात. इशारा देणारा कधीं कधीं चुकतो, ही त्यांची सर्वांत मोठी सबब आहे.

महाराष्ट्रांत असा प्रसंग जोतीराव फुले यांच्यावर आला. १८८३ सालीं त्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्या पुस्तकाकडे सरकारी कामगार व भट-सावकार यांच्यावरील टीका म्हणूनच बहुधा पाहिलें जातें. परंतु जमीन निःसत्त्व होत चालली आहे, ही त्यांतली ओरड तितकीच खरी आहे. शेतांस विसांवा मिळत नाहीं, जंगलखात्यानें रानें अडविल्यामुळें शेतकऱ्याचीं जनावरें कमी झालीं, पावसाबरोबर जमिनीचा कस वाहून जातो, तेव्हां ताली व बंधारे घालून पाणी व माती जागच्या जागीं अडवा, असें जोतीराव सांगत होते. आजच्या मृद्संधारणखात्याच्या कागदांत याहून फार वेगळें कांहीं आढळत नाहीं.

त्यांनीं हे भाग गांवोगांवीं वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं ते लक्षपूर्वक ऐकले. आणि अडथळा कोठें आला? घरींच. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सत्यशोधक समाजांतील सहकारी. पुढें मुंबईच्या गिरणीकामगारांचे पहिले पुढारी म्हणून त्यांचें नांव झालें. त्यांच्या 'दीनबंधु' पत्रांत असूडाचे पहिले दोन भाग छापून आले आणि पुढले भाग छापण्याचें थांबलें. जोतीरावांना याचा फार राग आला. आपल्याच माणसानें भीतीपोटीं माघार घेतली, असें त्यांस वाटलें. संपूर्ण पुस्तक त्यांच्या हयातींत छापून निघालें नाहीं. लोखंड्यांस एकदम दोष देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. देशी वृत्तपत्रांचें तोंड बांधणारा १८७८ चा कायदा रद्द होऊन जेमतेम वर्ष लोटलें होतें, आणि पत्र बुडालें असतें तर मजुरांची बाजू मांडणारें दुसरें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. मुल्ला महंमद हसला आणि लोखंडे थबकले, या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. एकाला धोका दिसत नव्हता. दुसऱ्याला कदाचित् दोन धोके दिसत होते, आणि त्यानें जवळचा आधीं टाळला.

आतां पुन्हा खडकीकडे वळूं. १६२६ सालीं मलिकंबर वारला व खुलताबादेस त्याचें दफन झालें. मुलगा फत्तेखान यानें शहरास आपलें नांव देऊन फत्तेनगर केलें. बापाच्या दूरदृष्टीचा वारसा त्याला मिळाला नाहीं; १६३३ सालीं मोंगलांनीं दौलताबादेस वेढा घातला तेव्हां किल्ल्यांत दाणागोटा संपला आणि फत्तेखानाला किल्ला स्वाधीन करावा लागला. पुढें औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन आला आणि शहरास औरंगाबाद हें नांव मिळालें. नव्या वस्त्यांबरोबर नव्या नहरी निघाल्या. त्या दहा-बारा तरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरून फकीर व यात्रेकरूंचें पीठ दळीत असे.

मग १७६३ सालीं निजामानें राजधानी हैदराबादेस हलविली. दरबार गेला, त्याबरोबर अमीर गेले, वाडे ओस पडले. मात्र नहरी होत्या तेथेंच राहिल्या. अशा रीतीनें मोठ्या राजधानीसाठीं खणलेलें पाणी उरल्यासुरल्या शहराला मुबलक झालें. दीडशें-पावणेदोनशें वर्षें या शहरांतल्या घराण्यांनीं पाणी विकत घेतलें नाहीं, कीं दुरून आणलें नाहीं. आजोबांनीं हौद भरलेला पाहिला, बापानें पाहिला, नातवानें पाहिला. अशा घरांत कोणी म्हणूं लागला कीं विवरें साफ ठेवा, नाहींतर पाणी बंद होईल, तर त्याचें कोण ऐकणार? मलिकंबरच्या इशाऱ्याला मुल्ला हसला होता. मलिकंबरचें यश पाहिलेल्या पिढ्यांना इशारा ऐकूंच येईना. शहर पुन्हा वाढूं लागलें, घरोघरीं तोट्या आल्या, तेव्हां नहरींवर घरें चढलीं, रस्ते आले, उघड्या विवरांत केरकचरा पडूं लागला.

१९७२ च्या दुष्काळानें मराठवाड्याचे डोळे उघडले, तरी उपाय दूरचा निघाला. पैठणास गोदावरीवर जायकवाडीचें धरण बांधलें जात होतें. लालबहादुर शास्त्री यांनीं १९६५ सालीं त्याचा पाया घातला व १९७६ सालीं इंदिरा गांधींच्या हस्तें उद्घाटन झालें. तेथून सुमारें पन्नास किलोमीटर लांब, पंपांनीं चढावर चढवून शहरास पाणी येऊं लागलें. उताराउतारानें फुकट येणारें पाणी सोडून वीज जाळून येणारें पाणी आपण पत्करलें. पण नळ धो धो वाहूं लागल्यावर ही तुलना करण्याचें कोणाच्या मनांत येतें!

पुढें याच शहरीं वास्तव्य करणारे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्राचा दुसरा सिंचन आयोग बसला. चितळ्यांस १९९३ सालीं स्टॉकहोमचें जलपारितोषिक मिळालेलें होतें. आयोगाच्या १९९९ च्या अहवालांत राज्याचीं पंचवीस उपखोरीं पाडून कोठें पाणी किती कमी आहे हें मांडलें होतें, आणि तुटीच्या प्रदेशांत उसासारखें पीक नको, असा इशारा होता. चितळ्यांस कोणी हसलें नाहीं आणि अहवाल छापण्यासहि कोणी कचरलें नाहीं. जाहीर मान मिळाला. आणि मराठवाड्यांत साखर कारखाने वाढत राहिले. ज्या घरांत सकाळीं या अहवालाची तारीफ होई, त्याच घरचे संध्याकाळीं गांवाकडच्या शेतांत ऊस लावण्याची बोलणी करीत.

२०२२ च्या उन्हाळ्यांत या शहरीं कित्येक वस्त्यांत आठ-आठ दिवसांनीं नळास पाणी येत होतें. पाणी मध्यरात्रीं येणार म्हटलें कीं घरांतलें कोणीतरी जागत बसे. गॅलरींत, जिन्याखालीं, न्हाणीघरांत पिंपें मांडून ठेवलेलीं असत. टँकरवाल्याचा फोन-नंबर देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लिहिलेला असे. जुन्या शहरांत मात्र कांहीं ठिकाणीं नहरीचीं विवरें बुजलेलीं नव्हतीं, आणि अलीकडच्या दुष्काळी वर्षांतहि तेथले लोक दोरीला बादली बांधून मलिकंबरचें पाणी काढीत होते.