शिकाऊ मदतनीस आणि देशभराच्या पाट्या

कलाशाळेत शिकणाऱ्या मुलीला सरावासाठी कोणते काम द्यावे? फार तर एखादे पुस्तकाचे मुखपृष्ठ, असे आपण म्हणू. लंडनच्या चेल्सी कलाशाळेत शिकवायला येणारे जॉक किनीर यांनी १९५७ च्या सुमारास आपल्या एका विद्यार्थिनीला गॅटविक विमानतळाच्या पाट्यांसाठी मदतीला बोलावले. तिचे नाव मार्गारेट कॅल्व्हर्ट. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, वय जेमतेम एकवीस.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये मोटरवे, म्हणजे केवळ वेगवान वाहनांसाठीचे रस्ते, बांधले जाऊ लागले होते. त्यांवरच्या पाट्या ठरवण्यासाठी सरकारने कॉलिन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अँडरसन हे पी अँड ओ या जहाज कंपनीचे प्रमुख. त्यांच्या प्रवाशांच्या सामानाला लावायच्या चिठ्ठ्या किनीर यांनीच केल्या होत्या. काम किनीर यांच्याकडे आले आणि पर्यायाने त्यांच्या मदतनीस मुलीकडेही. ५ डिसेंबर १९५८ रोजी प्रेस्टन शहराला वळसा घालणारा सुमारे ८ मैलांचा पहिला मोटरवे खुला झाला. नवी निळी-पांढरी पाटी प्रथम तिथे लागली.

अडचण काय होती ते पाहू या. ताशी ७० मैल वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ३१ मीटर पुढे जाते. पाटी वाचायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात नव्वदहून अधिक मीटर मागे पडतात. त्या काळी मोटरवेवर वेगमर्यादाही नव्हती. शिवाय जुन्या पाट्यांवरची गावांची नावे सरसकट मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत असत. किनीर आणि कॅल्व्हर्ट यांनी पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान असा क्रम धरला. लहान लिपीत काही अक्षरे वर जातात, काही खाली उतरतात; त्यामुळे शब्दाला स्वतःची बाह्याकृती मिळते, असा त्यांचा विचार होता. आपल्या देवनागरीत हे काम वेलांट्या आणि उकार आपोआप करतात.

केंब्रिजचे डेव्हिड किंडर्स्ली यांना हे मुळीच पटले नाही. ते दगडात अक्षरे कोरणारे. तेही कधी काळी शिकाऊच होते, एरिक गिल या नामांकित अक्षरकाराच्या कार्यशाळेत. टोकांना छोटे फाटे असलेली मोठी अक्षरे कमी जागेत अधिक नीट वाचता येतात, असा त्यांचा दावा. मग रोड रिसर्च लॅबोरेटरीने बेन्सन येथील विमानतळावर प्रयोग केला. हवाई दलाचे जवान खुर्च्यांवर बसवले, पाट्या मोटारीवर लावून त्यांच्याकडे आणल्या आणि कोणती पाटी किती अंतरावरून वाचली जाते ते मोजले. किंडर्स्लींची अक्षरे सुमारे ३ टक्क्यांनी सरस ठरली, पण हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. समितीने दिसायला बरी म्हणून किनीर यांची अक्षरे घेतली. विज्ञानाने निकाल दिला असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसे घडले नाही. (शाळेच्या मैदानावर हा प्रयोग करता येईल. एकच इंग्रजी नाव दोन सारख्या पुठ्ठ्यांवर दोन प्रकारे लिहा आणि मुलांना लांबून चालत यायला सांगा.)

माझ्या मते खरी कामगिरी मात्र अक्षरांच्या वळणात नव्हती, नियमांत होती. प्रत्येक अक्षर एका अदृश्य फरशीवर बसवलेले. फरशीला फरशी चिकटवली की दोन अक्षरांमधले अंतर आपोआप बरोबर पडते. सगळी मापे एकाच एककात: अक्षराच्या रेघेची जाडी. कडेची जागा इतक्या रेघा, दोन ओळींतले अंतर तितक्या रेघा. एरवी आधी फळा ठरतो आणि त्यावर नावे कोंबली जातात. इथे नावे आधी लिहायची, त्यांवरून फळ्याचा आकार निघायचा. त्यामुळे दूरच्या जिल्ह्यातल्या अभियंत्यालाही लंडनला न विचारता पाटी आखता येऊ लागली.

१९६१ साली वॉल्टर वॉरबॉइस यांच्या समितीने उरलेल्या सगळ्या रस्त्यांचे काम हाती घेतले. आता चित्रेही हवी होती आणि त्यांपैकी बरीच कॅल्व्हर्ट यांनी काढली. शाळेजवळच्या जुन्या पाटीवर मोठा मुलगा लहान मुलीला घेऊन चालला होता. कॅल्व्हर्ट यांनी क्रम उलटा केला: मुलगी पुढे, तिचा हात धरून धाकटा मुलगा. ही मुलगी त्यांनी स्वतःच्या लहानपणीच्या छायाचित्रावरून काढली. गाईच्या चित्रामागे वॉरिकशायरमधल्या नातेवाइकांच्या शेतावरची पेशन्स नावाची खरी गाय आहे. रस्त्याचे काम चालू असल्याची पाटी मात्र लोकांना छत्री उघडणाऱ्या माणसासारखी दिसते. ही थट्टा अजून संपलेली नाही.

नव्या पाट्या १ जानेवारी १९६५ पासून लागू झाल्या. त्याआधीच, १९६४ मध्ये, किनीर यांनी कॅल्व्हर्ट यांना भागीदार करून घेतले होते आणि कार्यालयाच्या नावात त्यांचेही नाव आले. पुढे ब्रिटिश रेल्वेची अक्षरेही या दोघांनी केली. २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारचे एकत्रित संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा त्यासाठी रस्त्यावरच्याच अक्षरांची सुधारित आवृत्ती घेतली गेली. ती हेन्रिक कुबेल यांच्यासह तयार करणाऱ्या कॅल्व्हर्ट तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या.