रक्तातील विळा

भंडारा हा धानाचा जिल्हा. विळा येथे घरोघरी. पण त्याच आकाराचे पाते कित्येकांच्या रक्तात दडलेले असते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. या आजाराला आपण सिकलसेल म्हणतो. तो ओळखण्याची विद्या कशी वाढली, तेवढेच आम्ही येथे सांगतो.

१९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी वेस्ट इंडीजच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील वाकड्या पेशींचे वर्णन छापले. १९१७ साली एमेल यांनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर बंद करून ठेवला, तेव्हा पेशी डोळ्यांदेखत वाकल्या. प्राणवायू सरला की असे होते, हे १९२७ साली ठरले. परीक्षा स्वस्त खरी. पण रोगी आणि नुसता वाहक, दोघांच्याही पेशी वाकतात. हा पेच १९४९ साली पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवला. विजेच्या प्रभावाखाली निकोप आणि सदोष हिमोग्लोबिन निरनिराळ्या गतीने सरकतात. वाहकात दोन्ही सापडतात, रोग्यात निकोप सापडत नाही.

आपल्या देशात १९५२ साली लेमान व कटबुश यांना हा दोष नीलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार यांना आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत. १९५८ साली शुक्ल व सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारताचा दाखला दिला. दुखणे जुनेच होते; दाखला तेवढा नवा. तोवर सांधे ठणकणाऱ्या मजुराला मुकादमाने कामचोर म्हणावे आणि घरच्यांनी करणी झाली म्हणावे! कामगारांत वावरताना हे दोन्ही शेरे आम्ही पुढेही ऐकले आहेत.

निदान लवकर का हवे? १९८६ साली अमेरिकेत सिद्ध झाले, की अशा बालकांना लहानपणापासून पेनिसिलीन दिले तर जीवघेणा जंतुसंसर्ग पुष्कळ टळतो. मात्र नवजात अर्भकात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते. त्यामुळे साधी विद्राव्यता चाचणी तेथे फसते, आणि घटक वेगळे करणारे एचपीएलसी यंत्र लागते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. पण तपासणीचा कागद कपाटात राहिला तर काय उपयोग? तो माणसाच्या हाती पडावा आणि त्याचा अर्थ त्याच्या बोलीत सांगितला जावा. वाहक हा रोगी नव्हे. मात्र दोन्ही जोडीदार वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक. एवढे ज्याला कळले, त्याला कोणी कामचोर म्हणून गप्प बसवू शकणार नाही.