बाळ गंगाधर खेर

बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर (२४ ऑगस्ट १८८८, रत्नागिरी – ८ मार्च १९५७, पुणे) हे मराठी वकील, कायदेमंडळाचे सदस्य आणि मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेस पंतप्रधान होते. १९३५ च्या कायद्यान्वये प्रांताच्या प्रमुख मंत्र्यास तेव्हा पंतप्रधान म्हणत.

वकिली व राजकारणप्रवेश

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते कायद्याकडे वळले. १९१८ मध्ये सॉलिसिटर होऊन त्यांनी भागीदारीत मणिलाल खेर आणि कंपनी ही संस्था स्थापन केली. पुढे ते स्वराज्य पक्षात आले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना कारावास भोगावा लागला.

पहिले मंत्रिमंडळ (१९३७–३९)

१९३७ च्या निवडणुकीत विधानसभेच्या १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसने जिंकल्या. नेतेपदी के. एफ. नरिमन यांच्याऐवजी खेर यांची निवड झाल्याने मोठा वाद उद्भवला. जुलैमध्ये त्यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. चळवळीत सरकारजमा झालेल्या जमिनी मूळ मालकांस परत देण्याचा कायदा त्याने केला. ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबईत दारूबंदी लागू झाली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहर व उपनगरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला.

१९३८ चा औद्योगिक कलह कायदा मात्र तीव्र विरोधाचा विषय ठरला. संपापूर्वी तडजोडीची प्रक्रिया त्याने सक्तीची केली. कामगारांचा संपाचा हक्क त्यामुळे हिरावला जातो, असा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा आक्षेप होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवाद्यांनी एकत्र येऊन संप केला. तुरुंगातून सत्तेवर आलेल्यांनीच चळवळीवर निर्बंध घालावेत काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला. लोकप्रतिनिधींना न विचारता भारत दुसऱ्या महायुद्धात ओढला गेल्याच्या निषेधार्थ १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

दुसरा कार्यकाळ (१९४६–५२)

या काळात १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा दारूबंदी कायदा संमत झाला. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द उपनगरांत वाढविण्यात आली. मालाड मात्र खेर यांच्यानंतर, १९५७ च्या विस्तारात महापालिकेत आले. त्याच्या शेजारी गोरेगावची आरे दुग्ध वसाहत खेर यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

उत्तरायुष्य

१९५२ ते १९५४ या काळात ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९५५ मध्ये नेमलेल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष होते.