नव्या पीसीवर माऊस चालत नसेल तर आधी हे तपासा

नवा पीसी जोडला, स्क्रीन आली, कीबोर्डही चालतो. माऊसचा बाण मात्र जागचा हलत नाही. अनेकजण थेट मदरबोर्ड बदलून घ्यायला निघतात. घाई नको. आधी माऊस कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये लावावा. पुढचे पोर्ट वेगळ्या केबलने बोर्डला जोडावे लागतात आणि नेमकी तीच केबल अनेकदा लावायची राहते. माऊसखालचा लाल लाइट लागला म्हणजे वीज पोचते, एवढंच.

खरी परीक्षा बायोसमध्ये. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबून आत जावं. तिथे बाण हलला तर माऊस आणि पोर्ट ठीक. अडचण बहुतेक विंडोजच्या ड्रायव्हरची. 2015 मध्ये आलेल्या इंटेल स्कायलेक प्रोसेसरच्या पीसीवर विंडोज 7 टाकताना हेच व्हायचं. बायोसमध्ये चालणारा माऊस इन्स्टॉलेशन सुरू होताच बंद! विंडोज 7 मध्ये यूएसबी 3.0 चा ड्रायव्हरच नव्हता. तो इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हमध्ये आधीच घालावा लागे किंवा गोल पिनचा जुना पीएस/2 माऊस शोधावा लागे. विंडोज 10 आणि 11 मध्ये हा ड्रायव्हर असतो. तरीही माऊस दिसत नसेल तर विंडोज आणि एक्स, मग एम दाबून डिव्हाइस मॅनेजर कीबोर्डवरूनच उघडता येतो. तिथे यूएसबी कंट्रोलरवर पिवळं चिन्ह असेल, तर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा चिपसेट ड्रायव्हर टाकावा.