औषध नव्हते, तेव्हाची शुश्रूषा

"डॉक्टर, आता औषधच नाही म्हणता, मग आम्ही करायचे तरी काय?" असाध्य आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न नेहमी विचारतात. त्याचे एक जुने उत्तर स्पेनमधील सेव्हिल शहरात आजही पाहायला मिळते.

१६४९ च्या प्लेगमध्ये या शहरातील सुमारे निम्मी माणसे दगावली. तेथील 'कारिदाद' या धार्मिक संघाचे मूळ काम होते फाशी गेलेल्यांचे आणि बुडून मेलेल्यांचे दफन करणे. मिगेल मान्यारा हा श्रीमंत उमराव पत्नीच्या निधनानंतर या संघात आला आणि १६६३ मध्ये त्याचा प्रमुख झाला. मेलेल्यांबरोबर जिवंत गरिबांचीही काळजी घ्यायला हवी, म्हणून त्याने बेघरांसाठी निवारा आणि पुढे असाध्य रुग्णांसाठी रुग्णालय उभारले.

रुग्णालयाला लागूनच बरोक शैलीतील चर्च आहे. आत शिरताच व्हाल्देस लेआलची दोन चित्रे तुम्हाला थबकवतात. एकात हाडांचा सापळा मेणबत्ती विझवतो आहे, दुसऱ्यात एका बिशपचे प्रेत सडते आहे. मरण कोणालाच चुकत नाही, हे आधी सांगायचे. मग जिवंतपणी काय करायचे, ते पुढच्या चित्रांतून दाखवायचे, अशी ही मांडणी आहे.

त्यांपैकी मुरिल्योचे एक चित्र आम्हा डॉक्टरांच्या विशेष जवळचे. त्यात हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ एका मुलाचे खपल्यांनी भरलेले डोके स्वतःच्या हातांनी धुते आहे. हा डोक्यातला गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग. त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. आज पोटातून घ्यायच्या गोळ्यांनी तो बरा होतो. बुरशी केसांच्या मुळाशी असते, म्हणून नुसते मलम पुरत नाही. गोळ्या काही आठवडे, डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्या लागतात. स्टेरॉइड मिसळलेली मलमे तर मनाने मुळीच लावू नका. खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी वाढते.

काही आजार मात्र आजही बरे होत नाहीत. अशा वेळी वेदना कमी करणे, जखम स्वच्छ ठेवणे, कूस बदलून देणे, तोंड ओले करणे, जवळ बसणे हाच उपचार असतो. कारिदादच्या वास्तूत अजूनही गरीब वृद्धांना आसरा मिळतो. "करण्यासारखे काही उरले नाही" असे वाटेल, तेव्हा ही यादी हाताशी ठेवा. यातले बहुतेक सारे तुम्हाला घरीच करता येते.